आवाज बसला की धंदा बसतो: बोलून कमावणाऱ्यांसाठी घशाचं गणित



बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात, असं आपल्याकडे म्हणतात. भांडवल, जागा, परवाने, मशिनरी, मार्केटिंग यावर आपण चॅनलवर नेहमी बोलतो. आज एका अशा मशीनबद्दल बोलायचंय जे तुम्ही विकत घेतलेलं नाही, ज्याची वॉरंटी नाही आणि ज्याचा स्पेअर पार्ट कुठल्याही बाजारात मिळत नाही. ते मशीन म्हणजे तुमचा आवाज.

भाजीची गाडी, कपड्यांचा स्टॉल, ट्यूशन क्लास, योगवर्ग, विमा एजन्सी, फोनवर ऑर्डर घेणारी घरगुती मेस, मोबाइलवर लाइव्ह येऊन साड्या विकणं, यातलं काहीही करायचं म्हटलं तर आवाज लागतोच. तरीही आवाज बसला की आपण काय म्हणतो? "होईल दोन दिवसांत." बहुतेक वेळा होतोही. पण जेव्हा होत नाही, तेव्हा नेमकं काय करायचं हे आपल्याला माहीत नसतं.

आधीच सांगते, मी प्रशिक्षक आहे, डॉक्टर नाही. उपचार डॉक्टरांनीच करायचे. पण मशीनचा मालक म्हणून त्याची बेसिक माहिती आपल्याला असायलाच हवी.

घशात नेमकं काय होतं?

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठावर बोट ठेवा आणि लांब 'आ' म्हणा. जिथे थरथर जाणवते तिथे तुमचं स्वरयंत्र आहे. त्याच्या आत दोन छोट्या स्वरपट्ट्या असतात, साधारण एक ते अडीच सेंटीमीटर लांबीच्या. श्वास घेताना त्या उघडतात. बोलताना जवळ येतात आणि फुप्फुसातून वर येणाऱ्या हवेने थरथरतात. त्या थरथरीतून आवाज तयार होतो. पुरुषांमध्ये ही थरथर सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा होते, महिलांमध्ये साधारण २०० वेळा. म्हणजे एखाद्या ताईंनी दिवसभरात मिळून एक तास आवाज वापरला, तर त्यांच्या स्वरपट्ट्या सात लाखांहून जास्त वेळा एकमेकींवर आपटतात. कुठल्या शिलाई मशीनची सुई तासाला एवढी चालते?

या पट्ट्यांना सूज आली की त्या जड होतात आणि नीट मिटत नाहीत. मधून हवा निसटते. मग आवाज घोगरा होतो, खरखरतो, मध्येच फुटतो किंवा येतच नाही. या सुजेला डॉक्टर लॅरिंजायटिस म्हणतात.

आवाज का बसतो?

सगळ्यात सामान्य कारण म्हणजे सर्दी-पडशाचा विषाणू. दुसरं कारण अतिवापर: लग्नातली गाणी, मॅच बघताना केलेली आरडाओरड किंवा सेलच्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत लावलेला आवाज. असा अचानक बसलेला आवाज बहुतेकांचा एक-दोन आठवड्यांत पूर्ववत होतो.

काही कारणं मात्र हळूहळू काम करतात, आणि आपल्या लोकांमध्ये तीच जास्त दिसतात:

- रोज ताणून बोलणं. यातून स्वरपट्ट्यांवर छोट्या गाठी येतात. कुदळ मारणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात ना, तसंच हे.
- तंबाखू, विडी, सिगारेट आणि दारू.
- रात्री अकराला दुकान बंद करून, तिखट-तेलकट जेवून लगेच आडवं होणं. पोटातलं आम्ल वर येऊन स्वरयंत्रापर्यंत पोहोचतं. प्रत्येकाला छातीत जळजळ होईलच असं नाही. काहींना फक्त सकाळी घसा खवखवतो आणि सारखं खाकरावंसं वाटतं.
- धंद्यातली धूळ आणि ठसका. मिरची कांडप, पिठाची गिरणी, सुतारकाम, रंगकाम, मोठ्या कढईवरची फोडणी. पोटापाण्याचा धंदा घशाला रोज चटका देत असतो.
- दम्यासाठी घ्यायचा स्टेरॉइडचा पंप. पंप बंद करायचा नाही, पण घेतल्यावर दर वेळी पाण्याने चूळ भरून टाकायची. आवाज तरीही घोगरा राहिला तर डॉक्टरांना सांगायचं.
- थायरॉइड ग्रंथीचं काम मंदावणं.

म्हणजे "आवाज बसला" हे लक्षण आहे, कारण वेगळं शोधावं लागतं. मशीन आवाज करायला लागलं की आपण बेअरिंग बघतो, बेल्ट बघतो. इथेही तेच करायचं.

पहिला आठवडा: काय करायचं, काय टाळायचं

कमी बोला. पूर्ण मौन जमलं नाही तरी जे बोलणं टाळता येईल ते टाळा. फोनऐवजी मेसेज पाठवा.

कुजबुजू नका. बसलेल्या आवाजात कुजबुजलं की घशाला आराम मिळतो, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात जोर लावून कुजबुजताना अनेकजण स्वरयंत्राभोवतीचे स्नायू जास्तच आवळतात. बोलावंच लागलं तर हळू आवाजात, पण साध्या, मोकळ्या स्वरात बोला.

खाकरू नका. खाकरताना सुजलेल्या स्वरपट्ट्या एकमेकींवर जोरात आपटतात. खाकरावंसं वाटलं की एक घोट पाणी प्या किंवा नुसतं गिळा.

पाणी प्या, पण त्याचं काम समजून घ्या. आपण जे गिळतो ते अन्ननलिकेत जातं. गिळताना स्वरयंत्रावर झाकण पडतं. म्हणून पाणी, मध, हळदीचं दूध किंवा ज्येष्ठमधाची काडी थेट स्वरपट्ट्यांना लागत नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्याही घशापर्यंतच पोहोचतात. यांनी घशाला बरं वाटतं, जरूर करा. पण "सकाळी गुळण्या केल्या, आता दिवसभर ओरडायला मोकळा" असं समजू नका. पाणी शरीरात जाऊन मग स्वरपट्ट्यांना ओलावा देतं, त्यामुळे ते दिवसभर थोडं थोडं पीत राहावं लागतं. साध्या पाण्याची वाफ मात्र श्वासाबरोबर थेट तिथे पोहोचते. वाफ घेताना भांडं कलंडून भाजण्याचे प्रकार होतात, तेव्हा ते स्थिर जागी ठेवा आणि लहान मुलांना दूर ठेवा.

मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. साधा लॅरिंजायटिस बहुतेक वेळा विषाणूमुळे होतो आणि अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. मेडिकलमधून मागच्या वेळची गोळी आणून पैसेही जातात आणि उपयोगही होत नाही.

"उद्या प्रदर्शन आहे, एक इंजेक्शन मारा" असा आग्रह धरू नका. स्वरयंत्र न तपासता सरसकट स्टेरॉइड देऊ नये, असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. आवाज तात्पुरता सुटतो आणि आपण दुखावलेल्या पट्ट्यांवर आणखी आठ तास जोर देतो.

आणि हो, ओरडताना एका क्षणात आवाज गेला, तर तिथेच थांबा. स्वरपट्टीतली बारीक रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. त्या दिवशी एक शब्दही न बोलता डॉक्टर गाठा.

"पण मॅडम, धंदा बंद कसा ठेवणार?"

हा प्रश्न मला दर बॅचमध्ये येतो आणि तो खोटा नाही. नोकरदाराला आजारपणाची रजा असते. आपल्याला नसते.

आमच्या एका बॅचमधल्या ताईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने, नाव न घेता सांगते. घरगुती मसाल्यांचा व्यवसाय. दिवाळीच्या आधी लागोपाठ तीन प्रदर्शनांत स्टॉल. वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा त्या तीन आठवड्यांतला, आणि बचत गटाच्या कर्जाचा हप्ता समोर उभा. पहिल्याच प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी सर्दी झाली, आवाज घोगरा झाला. हॉलमध्ये गाणी लावलेली, शेजारच्या स्टॉलवर मिक्सरचा डेमो चालू. ताई तशाच जोर लावून बोलत राहिल्या. तिन्ही प्रदर्शनं केली आणि हप्ताही वेळेवर भरला.

सर्दी आठवड्यात गेली. आवाज आलाच नाही. दोन महिने झाले तरी फोनवर ऑर्डर देणारी गिऱ्हाइकं त्यांना "दादा" म्हणायची. बाहेर त्या हसण्यावारी न्यायच्या, पण रात्री झोप लागायची नाही. सासऱ्यांना घशाचा कॅन्सर झाला होता, आणि तोच शब्द डोक्यात फिरायचा. या भीतीपोटीच त्या डॉक्टरांकडे जायचं टाळत होत्या.

शेवटी जाऊबाई सोबत घेऊन गेल्या. तपासणी काही मिनिटांची. निघाल्या त्या दोन्ही स्वरपट्ट्यांवरच्या छोट्या गाठी, अतिवापरातून आलेल्या. कॅन्सर नव्हता. ऑपरेशनचीही गरज पडली नाही. वाचा-उपचार तज्ज्ञांनी बोलण्याची पद्धत बदलायला शिकवली, व्यायाम दिले आणि काही महिन्यांत आवाज परत आला. तोपर्यंत संक्रांतीच्या ऑर्डरी जाऊबाईंनी घेतल्या.

ताईंनी प्रदर्शन सोडून घरी बसायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. हप्ता खरा होता. माझं म्हणणं एवढंच की त्यांच्याकडे आवाजाशिवाय स्टॉल चालवण्याची काहीच व्यवस्था नव्हती. ती आधीच करून ठेवायची असते.

जरा हिशोब मांडू. समजा तुमचा रोजचा निव्वळ नफा ९०० रुपये आहे. आवाज बसला म्हणून तुम्ही पाच दिवस एक बोलणारा मदतनीस ठेवला, रोज ५०० रुपयांवर. खर्च २,५०० रुपये. आता दुसरी बाजू. तुम्ही तसंच रेटलं, आवाज चार आठवडे खराब राहिला आणि नफा एक तृतीयांशाने घटला. रोजचे ३०० रुपये, २८ दिवसांचे ८,४०० रुपये. यात डॉक्टरांचा खर्च धरलेला नाही. हे उदाहरणाचे आकडे आहेत, तुमचे तुम्ही घाला. पण घाला नक्की.

तीन आठवड्यांची रेघ

किती दिवस वाट बघायची? ब्रिटनची सरकारी आरोग्य सेवा सांगते की दोन आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर डॉक्टरांना दाखवा. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्ये स्वरयंत्र तपासण्यासाठी तीन महिन्यांची मर्यादा सांगितली होती. २०१८ मध्ये त्यांनीच ती चार आठवड्यांवर आणली. आपण सोपी, लक्षात राहणारी रेघ आखू: तीन आठवडे. त्यापुढे घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. दुखत नसलं तरी जायचं.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर तीन आठवडेही थांबायचं नाही:

- श्वास घ्यायला त्रास होणं किंवा श्वासाबरोबर घरघर, शिट्टीसारखा आवाज येणं. ही इमर्जन्सी आहे, थेट हॉस्पिटल गाठा.
- गिळता न येणं, लाळही गिळायला त्रास होणं. हेही तसंच तातडीचं.
- थुंकीतून रक्त येणं.
- मानेत गाठ लागणं.
- वजन उतरणं किंवा एकाच कानात दुखत राहणं.
- मानेच्या, थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आवाज बदलणं.

तंबाखू खात असाल, विडी-सिगारेट ओढत असाल तर हे दोनदा वाचा. स्वरपट्टीवर कॅन्सर सुरू झाला की अगदी छोट्या डागानेही आवाज बदलतो. शरीरातले बरेच कॅन्सर बराच काळ गप्प राहतात, हा मात्र लवकर बोलतो. त्या टप्प्यावर पकडला तर बहुतेक रुग्ण बरे होतात आणि बऱ्याच जणांचा आवाजही वाचतो. सहा महिने "घसा खराब आहे" म्हणत काढले तर हातातली संधी जाते. तसंच घोगरेपणासोबत दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल तर क्षयरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

तपासणीची भीती बाळगू नका. लॅरिंगोस्कोपीमध्ये छोटा आरसा किंवा कॅमेऱ्याची बारीक नळी वापरून स्वरपट्ट्या बघतात. थोडं अवघडल्यासारखं होतं, पण काही मिनिटांत संपतं. गंमत म्हणजे ही वाट दाखवणारा माणूस डॉक्टर नव्हता, आपल्यासारखाच प्रशिक्षक होता. मॅन्युएल गार्सिया या स्पॅनिश गायन-शिक्षकाने १८५४ मध्ये दातांच्या डॉक्टरचा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःच्याच स्वरपट्ट्या हलताना पाहिल्या. खासगी फी परवडत नसेल तर मुंबईचं केईएम, पुण्याचं ससून यांसारख्या सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग असतो. एक सकाळ जाईल, पण शंका मिटेल.

धंदाच असा बांधा की ओरडावं लागू नये

१९११ मध्ये एतिएन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी एक गोष्ट मांडली: आजूबाजूला गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. बाजारात हेच होतं. शेजारचा ओरडतो म्हणून तुम्ही, तुम्ही ओरडता म्हणून तो. संध्याकाळपर्यंत दोघांचे घसे बसतात. नुसतं "हळू बोलायचं" ठरवून भागत नाही, कारण आपण चढ्या आवाजात बोलतोय हेच कळत नाही. म्हणून व्यवस्था बदलायची.

१. बोर्ड बोलू द्या. गिऱ्हाईक जे प्रश्न दिवसातून पन्नास वेळा विचारतं, त्यांची उत्तरं मोठ्या अक्षरात लिहून लावा. भाव, वजन, तिखटपणा, घरपोच मिळेल का, क्यूआर कोड कुठे आहे. त्या मसाल्यावाल्या ताईंनी पुढच्या वर्षी हेच केलं. शिवाय चवीसाठी चमचे ठेवले आणि पैसे घ्यायला भाचीला बसवलं.

२. जवळ जा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की तोच आवाज चौपट तीव्रतेने पोहोचतो. टेबलामागून ओरडण्यापेक्षा पुढे येऊन बोला. क्लासमध्ये मागच्या बाकांजवळ फिरत शिकवा.

३. माइक घ्या. कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि डोक्याला अडकवायचा माइक साधारण हजार ते अडीच हजार रुपयांत मिळतो. क्लास घेणाऱ्यांनी याला चैन समजू नये, फळ्यासारखंच ते भांडवल आहे.

४. आरोळी रेकॉर्ड करा. गाडीवरून विकणारे बरेच जण आता हेच करतात. एकदा चांगल्या आवाजात रेकॉर्ड करा, दिवसभर वाजवा. सार्वजनिक ठिकाणी लाउडस्पीकरला परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ बंदी असते, हे लक्षात ठेवा.

५. बोलण्याचं टाइमटेबल करा. सलग चार बॅच लावू नका. दोन बॅचच्या मध्ये पंधरा मिनिटं गप्प बसा. त्या वेळेत फोन घेऊ नका, नाहीतर विश्रांती कसली?

६. धूळ अडवा. कांडपावर, गिरणीत, सुतारकामाला नाका-तोंडावर नीट बसणारा मास्क लावा. एक्झॉस्ट पंख्याचा खर्च प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये पहिल्याच दिवशी धरा.

७. रात्रीचं जेवण लवकर. जेवण आणि झोप यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. दुकान उशिरा बंद होत असेल तर डबा दुकानातच आठला खा.

८. दुसरा आवाज तयार करा. घरातलं कुणी, मदतनीस किंवा भागीदार, एकाला तरी तुमचं विक्रीचं बोलणं शिकवून ठेवा. फक्त मालकाच्या गळ्यावर उभा असलेला धंदा मोठा होत नाही, आणि मालक आजारी पडला की अडतो.

आजचा गृहपाठ

वहीत तीन ओळी लिहा. एक, माझ्या कमाईतला किती हिस्सा माझ्या बोलण्यावर अवलंबून आहे? दोन, उद्या आवाज गेला तर पाच दिवस कोण बोलेल? तीन, माझा आवाज शेवटचा पूर्ण स्वच्छ कधी होता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "तीन आठवड्यांपूर्वी" किंवा "आठवत नाही" असं असेल, तर हा लेख बंद करून आधी डॉक्टरांची वेळ घ्या.

दरवर्षी १६ एप्रिलला जागतिक आवाज दिन असतो. आपण त्या तारखेची वाट बघायची नाही. मशीनला तेल-पाणी रोज करायचं असतं.

भेटू पुढच्या लेखात. तोपर्यंत भरपूर विका, पण ओरडू नका!